सुरुंगाविना खडक कापणारा बैल

"ह्या धुडाला दर वर्षी नवा रंग. माझ्या गुडघ्याला साधं तेल नाही." फाटकावरचा राखणदार मोलेफी मलाच टेकून पुटपुटतो. रोजचंच आहे.

मित्रांनो, ते धूड म्हणजे मी. मी एक जुना कटर आहे, खडक कापणारा. जोहान्सबर्गच्या पश्चिमेला, एका सोन्याच्या खाणीच्या दारात मला पिवळा रंग फासून उभं केलंय. माझ्या पोलादी चकत्यांमध्ये आता चिमण्या घरटी करतात.

माझं खरं आयुष्य जमिनीखाली गेलं. इतकं खोल की तिथला खडक हाताला चटका देतो. माझ्याआधी तिथे सुरुंग लावत. धूर निवळला की माणसं परतत आणि आधी लोखंडी पहारीने छत वाजवत. खणखणीत वाजलं तर ठीक. पोकळ वाजलं तर सुटा दगड आधी पाडायचा, मगच कामाला हात.

मी आलो आणि सुरुंग थांबले. मी खडक हळूहळू सोलायचो, माणसं जवळच असायची. साहेबांनी माझे फोटो काढले. मीही फुगलो.

मला चालवायचा तेबोहो. लेसोथोच्या डोंगरात गुरं राखत वाढलेला. "चल बैला, नांगराला लाग," म्हणत माझ्या पाठीवर थाप मारायचा. त्याचा जोडीदार हाच मोलेफी.

एके दिवशी छत खाली आलं. तेबोहो माझ्या शेजारीच होता. मी लोखंडाचा, मी वाचलो. लोक म्हणाले, यंत्राने माणूस खाल्ला. मला वर आणलं आणि इथे ठेवलं. मित्रांनो, मला रंग नको. माझ्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला जपा, एवढंच मागणं आहे.

आज तेबोहोची मुलगी लिनेओ आली. डोक्यावर कोरं हेल्मेट.

"न्ताते मोलेफी, सोमवारी मी खाली उतरतेय. नव्या कटरवर." लेसोथोकडे वडीलधाऱ्या माणसाला न्ताते म्हणतात.

"आईला विचारलंस?"

"ती माझ्याशी बोलत नाहीये. म्हणजे विचारलंय."

मोलेफी हसला. मग गुडघा चोळू लागला.

"गुडघा राहू द्या, न्ताते. बाबा कसे गेले? आई म्हणते, खाणीने नेलं. ऑफिसात म्हणतात, यंत्र बिघडलं. तुम्ही तिथे होतात."

"चहा घेतेस?"

"नको. मला त्याच छताखाली उभं राहायचंय."

मोलेफीने माझ्या पाठीवर हात ठेवला. तेबोहो ठेवायचा, तसाच.

"हा बैल धड होता, पोरी," तो म्हणाला. "सुरुंग नाही, हादरा नाही, मग दगड सुटेल कशाला, असं वाटलं आम्हाला. पहार भिंतीला टेकवलेलीच असायची. हा आल्यापासून आम्ही छत वाजवणंच सोडून दिलं होतं."