हनुवटीची पट्टी

सुगंधाने दोन बोटं पट्टीखाली सरकवली आणि गाठ जरा सैल केली. काशीराम जागा झाला नाही. त्याचे ओठ विलग झाले आणि त्यांच्यामधून फस्स करून वारा बाहेर आला. तिने तळहात त्याच्या तोंडासमोर धरला. वारा हाताला लागला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

दुपारचे बारा वाजले होते. बोरीवलीच्या त्या चाळीत या वेळेला भांडी, नळ आणि पोरांचा दंगा ऐन भरात असे, पण काशीरामची रात्र आता सुरू झालेली. काचेच्या कारखान्यात तो भट्टीवर रात्रपाळी करायचा. सकाळी येऊन अंघोळ, भाकरी आणि मग झोप. आता त्याला झोप म्हणायचं तर म्हणावं. गेली सात-आठ वर्षं तो घोरता घोरता मध्येच थांबायचा. श्वासच थांबायचा. सुगंधा मनात आकडे मोजायची, वीस, पंचवीस, तीस, आणि मग बुडता माणूस वर यावा तसा तो धडपडून श्वास घ्यायचा. अशा झोपेने कुणाचा शीण जातो? रात्री भट्टीसमोर त्याचा डोळा लागायचा. मागच्या महिन्यात उभ्या उभ्या डुलकी लागून तो पुढे झुकला, ते पाळीतल्या जोडीदाराने, दशरथने, मागून कॉलर धरली म्हणून वाचला.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी परदेशातून आणवलेलं एक मशीन पंधरा दिवसांसाठी त्याला दिलं होतं. ट्रंकेएवढं धूड, सतत घरघरणारं. त्याला एक जाड नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा रबरी कप. मशीन नाकातून वारा ढकलणार, त्या जोराने घसा उघडा राहणार, श्वास अडकणार नाही. फक्त तोंड मिटलेलं हवं. तोंड उघडलं की वारा तिथून पळणार आणि घसा पुन्हा बंद. म्हणून हनुवटीखालून पांढरी पट्टी घ्यायची आणि डोक्यावर गाठ मारायची. तेवढ्यानेही तोंड मिटलं नाही, तर ऑपरेशन. गळ्याला कायमचं भोक, त्यात नळी, श्वास तिथून. बोलायचं झालं तर भोकावर बोट ठेवायचं.

काशीराम भट्टीला कधी भ्याला नव्हता. पण भोकाचं नाव काढलं की त्याचा हात आपोआप गळ्याकडे जायचा.

पहिल्या दिवशी सुगंधाने पट्टी नीट, घट्ट बांधली. बांधताना काहीच वाटलं नाही. चाळीत कुणी गेलं की हनुवटी बांधायला लोक तिलाच बोलवायचे, तिचा हात बसलेला होता. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत तिने सासूची हनुवटी बांधली होती. गाठ मारून ती मागे सरली, काशीराम झोपला, आणि घोरणं थांबलं. खोलीत फक्त मशीनची घरघर. ती पाहत राहिली. नाकावर नळी, मिटलेले डोळे, डोक्यावर पांढरी गाठ.

तेवढ्यात शेजारची प्रेमा चाळणी परत करायला आली ती दारातच थबकली. चाळणी तिच्या हातातून पडली.

"गे बाय माझे! कधी झाला गे ह्या? माका हाक पण नाय मारलंस?"

"झोपलेत ते!" सुगंधा ओरडली. "झोपलेत!"

प्रेमा ओशाळली, दोनदा माफी मागून गेली. सुगंधाने दार लावलं आणि ती त्याच्याजवळ गेली. आठ वर्षं त्या घोरण्याला शिव्या दिल्या, पण घोरणं होतं तोवर माणूस आहे हे कळत होतं. आता कशावरून समजायचं? मशीनचं काय, ते मेलेल्याच्या नाकातही वारा भरत राहील. तिने गाठ सैल केली. तोंडातून वारा आला, पाठोपाठ घोरणं आलं, अडकणं आलं, आणि ती भिंतीला टेकून बसली.

मग रोज तेच. तो जागा असताना पट्टी घट्ट, झोपला की सैल. संध्याकाळी तो तांबारलेल्या डोळ्यांनी उठायचा, विचारायचा, "आज?" ती म्हणायची, "गेला वारा." डॉक्टरांनी दिलेल्या वहीतही ती तेवढंच लिहायची. त्यात खोटं काही नव्हतं.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी वही चाळली आणि मिटली.

"यांना हे लागू पडत नाहीये. मशीन उद्या परत आणा, घाटकोपरचा एक पेशंट थांबलाय. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात करू. इथे सही करा."

काशीरामने कागद पुढे ओढला. "कामावर घेतील ना, साहेब? गळ्याला नळी घेऊन, भट्टीच्या धुरात?"

डॉक्टरांनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. काशीरामने पेन उचललं. दुसरा हात गळ्याकडे गेला. 

"मी सोडत होते," ती म्हणाली.

"काय?"

"पट्टी. ते झोपले की मी सैल करायचे. रोज."

डॉक्टर भडकले. पंधरा दिवस मशीन अडवून ठेवलंत, म्हणाले, तुम्हाला कळतंय का काय केलंत ते? का केलंत?

नवऱ्यासमोर तो शब्द उच्चारायचा कसा? तिने नुसता हात हनुवटीखालून वर डोक्यापर्यंत नेला आणि तिथे थांबवला. डॉक्टरांना काही समजलं नाही. काशीरामला समजलं. आईची हनुवटी ती बांधत होती तेव्हा डोकं त्यानेच धरलं होतं. त्याने पेन खाली ठेवलं. सुगंधाला वाटलं, आता हा चारचौघांत काहीतरी बोलणार.

"साहेब," तो म्हणाला, "मशीन उद्या संध्याकाळी आणून दिलं तर चालेल? एक झोप मिळू दे. मग तुम्ही म्हणाल तिथे सही करतो."

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्यावर तो आरशासमोर बसला आणि स्वतःच पट्टी बांधू लागला. डोक्यावरची गाठ त्याला जमेना. त्याने गाठीवर बोट ठेवलं.

"ओढ."

सुगंधाने ओढली.

"अजून."

डोळे मिटून तिने गाठ आवळली. मग म्हणाली, "मी आत राहिले तर सोडीन. माझा भरवसा नाही."

काशीरामला आता धड बोलता येत नव्हतं. त्याने खुंटीवरचं कुलूप काढून तिच्या हातात दिलं आणि बोटाने प्रेमाच्या खोलीकडे दाखवलं.

तिने दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली प्रेमाला दिली. "तीन वाजेपर्यंत देऊ नकोस. मी पाया पडले तरी नको. फक्त मशीन थांबलं, लाइट गेली, तर धावत ये." प्रेमाने किल्ली पदराच्या टोकाला बांधली.

सुगंधा दाराला पाठ लावून बसली. आतून घरघर ऐकू येत होती. दुसरं काही नाही. अकरा वाजले, बारा वाजले. घोरणं नाही. एकदा तिने कान दाराच्या फळीला लावला आणि लगेच काढून घेतला. एक वाजता ती प्रेमाच्या दारात जाऊन उभी राहिली. प्रेमाने मान हलवली, नाही म्हणून. ती परत येऊन बसली. येणारी जाणारी माणसं तिला ओलांडून जात होती. आपल्या हाताने आवळली, आपल्याच हाताने कुलूप घातलं, हे एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

अडीचच्या सुमाराला आत खट् झालं आणि घरघर थांबली.

सुगंधा ताडकन उठली. लाइट गेली. नाकात वारा नाही आणि तोंड बांधलेलं.

"प्रेमा! किल्ली!"

प्रेमा धावत आली. घाईत पदराची गाठ तिला सुटेना, ती दातांनी ओढू लागली. सुगंधाने तो पदर तिच्या हातातून हिसकावला, तिलाही सुटेना. प्रेमाच्या उघड्या दारातून रेडिओवर एक बाई गात होती. गाणं संपलं, निवेदकाने पुढच्या गाण्याची फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचायला घेतली.

सुगंधाचे हात थांबले.

"तुझा रेडिओ सेलवर चालतो?"

"नाय गे. लाइटीवर."

म्हणजे लाइट गेली नव्हती. ते खट् बटणाचं होतं. मशीन कुणीतरी हाताने बंद केलं होतं. आणि आत एकच माणूस होता.

सुगंधा खाली बसली. पदराचं टोक तिने प्रेमाच्या हातात परत दिलं.

"सावकाश सोड," ती म्हणाली. "घाई नाही."