पाटावरचे रिव्हॉल्वर

देवदत्तने आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती. नागपूरला त्याच्या घराशेजारच्या सहकारी बँकेच्या दारात एक निवृत्त शिपाई दोन नळ्यांची बंदूक मांडीवर आडवी टाकून पेंगत बसे, तेवढीच काय ती जवळून पाहिलेली. तरीही ओहायोतल्या डब्लिनमध्ये, एका विमा कंपनीचे सॉफ्टवेअर तपासून उरलेल्या वेळात, तो चित्रपटांतल्या शस्त्रांची नोंद ठेवणाऱ्या एका संकेतस्थळावर लिहीत असे आणि तिथे त्याच्या शब्दाला वजन होते. कोणत्या पात्राच्या हातात कोणते पिस्तूल आहे, ज्या सालची गोष्ट आहे त्या साली ते बनत तरी होते का, हे तो पडदा थांबवून थांबवून पाही. चुका शोधणे हे त्याचे पोटापाण्याचे काम होते आणि हौसही तीच होती.

त्या उन्हाळ्यात त्याने एक फ्रेंच गुन्हेपट घेतला होता. मार्सेयच्या गोदीत चोरीचा माल उतरतो, एक थकलेला इन्स्पेक्टर दोन दरोडेखोरांच्या मागे लागतो, अशी गोष्ट. गोष्टीशी देवदत्तला कर्तव्य नव्हते. इन्स्पेक्टरचे लांब नळीचे फ्रेंच बनावटीचे रिव्हॉल्वर, थोरल्या दरोडेखोराची नळ्या कापून आखूड केलेली बंदूक, खबऱ्याच्या मोज्यात दडवलेले चिमुकले पिस्तूल, असे एकेक करून त्याने पान भरले. सर्वांत अभिमान त्याला लाँड्रीतल्या दृश्याच्या नोंदीचा होता. तिथे इन्स्पेक्टर मध्ये एकदाही न भरता सात गोळ्या झाडतो, आणि रिव्हॉल्वरला घरे असतात सहा. शिवाय नळी कॅमेऱ्याकडे वळते तेव्हा बाजूची घरे रिकामी दिसतात. भरलेले असते तर त्यांतून गोळ्यांची टोके दिसली असती, हेही त्याने लिहिले होते.

त्या दृश्याचे चित्र तो पानावर चढवत होता तेव्हा त्याची नऊ वर्षांची मुलगी अनया शेजारी येऊन उभी राहिली. चित्राच्या कडेला, कपडे सुकवण्याच्या यंत्राजवळ, निळा एप्रन घातलेली एक मुलगी पडलेली होती.

"हू इज शी?" अनयाने विचारले.

देवदत्तने श्रेयनामावली पाहिली. तिथे तिला नावही नव्हते. आणि पानावर नाव घालायचे ते ज्याच्या हातात शस्त्र आहे त्याचेच, असा नियम होता. वसंतात नियमावली नव्याने लिहिली गेली तेव्हा तो देवदत्तनेच नेमक्या शब्दांत मांडला होता. रिव्हॉल्वर नीट दिसावे म्हणून त्याने चित्राची कड कापली. मुलगी चित्राबाहेर गेली.

अनया शाळेतून सुटली की रोज संध्याकाळपर्यंत शंतनूच्या घरी असे. शंतनू पुण्याचा, देवदत्तच्या आधी चार वर्षे इथे आलेला. त्याची बायको रुचा घरून काम करी आणि स्कूल बसवरून आपल्या पाच वर्षांच्या प्रीताबरोबर अनयालाही घेऊन येई. देवदत्तची बायको उत्तरा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पाळीने काम करत असल्यामुळे या व्यवस्थेवाचून तिचे पान हलत नव्हते. ऑगस्टमध्ये शाळेचे पत्र आले होते: मुले ज्या घरी खेळायला जातात त्या घरी बंदूक आहे का, असल्यास ती कुलपात असते का, हे पालकांनी संकोच न करता विचारावे. उत्तराने पत्र फ्रिजवर चिकटवले आणि शंतनूला विचार असे देवदत्तला दोनदा सांगितले. देवदत्तला ते भलतेच वाटले. ज्या माणसाने आपल्या मुलीला दोन वर्षे वरणभात खाऊ घातला, त्याला असला प्रश्न कसा विचारायचा? आपल्या लोकांकडे कुठे असल्या वस्तू असतात? तिसऱ्या वेळी त्याने उत्तराला सांगून टाकले, विचारले, नाहीये.

खंडेनवमी मंगळवारी होऊन गेली. पण इकडे सण शनिवारी येतात. शंतनूची आई पद्मिनीकाकू सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या, त्यामुळे यंदाची पूजा त्यांच्याकडे होती. उत्तराची पाळी असल्याने देवदत्त अनयाला घेऊन दुपारी एकटाच गेला. दिवाणखान्यात चौरंगापुढे मोठा पाट मांडला होता. त्यावर दोन लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, ड्रिल मशीन, रुचाची शिवणाची कात्री, प्रीताची रंगखडूंची पेटी. देवदत्तने आपला लॅपटॉप ठेवला, अनयाने व्हायोलिन. काकू प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लावून कुंडीतल्या झेंडूचे एकेक फूल वाहत होत्या.

तेवढ्यात शंतनू आतून उपरण्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आला आणि त्याने ते पाटाच्या मधोमध ठेवून उपरणे बाजूला केले.

"देवा, ओळख पाहू."

देवदत्तने ओळखले. लांब नळी, अक्रोडाची मूठ, नळीवरची ती बारीक खाच. नंतर त्याला पुनःपुन्हा आठवत राहिले ते हे, की त्याला पहिल्यांदा झाला तो आनंदच होता.

"इन्स्पेक्टरचं," तो म्हणाला.

"तुझ्याच पेजवरून निवडलंय. चार आठवडे वेटिंग होतं यार. ऑगस्टमध्ये मिळालं."

मग आग्रह झाला, आणि देवदत्तने पाटापाशी मांडी घालून त्या चित्रपटातली सगळी शस्त्रे सांगितली. मोज्यातल्या पिस्तुलाची गंमत सांगितली तेव्हा रुचाही हसली. लाँड्रीतले दृश्य त्याने हातवारे करून रंगवले, गोळ्या मोजून दाखवल्या, सातवीला थांबला. काकू हातात कुंकवाची वाटी घेऊन ऐकत होत्या. त्यांनी विचारले, त्या लाँड्रीतल्या पोरीने काय केले होते?

"काही नाही हो काकू. ती मधे आली," देवदत्त म्हणाला.

अनया दाराशी उभी होती. तिने एकदा पाटाकडे आणि एकदा वडिलांकडे पाहिले, प्रीताचा हात धरला आणि ती तिथून निघून गेली. देवदत्तला वाटले, मुली खेळायला गेल्या.

आरती झाली. एकेकाने पुढे होऊन नमस्कार करायचा होता. काकूंनी केला, रुचाने केला. रिव्हॉल्वर असे ठेवले गेले होते की नळीचे तोंड नमस्कार करणाऱ्याकडे येई. देवदत्तने गुडघे टेकले, कपाळ खाली नेले, आणि वीतभर अंतरावरून त्याला नळीच्या दोन्ही बाजूंची घरे दिसली. त्या घरांतून शिशाची मळकट, बोथट टोके बाहेर पाहत होती.

तो तसाच काही क्षण वाकलेला राहिला. नळीच्या कडेवर कुंकवाचे बोट उमटले होते. खाचेतल्या तेलात चारदोन अक्षता चिकटल्या होत्या. कापूर, यंत्राचे तेल आणि शेजारच्या नैवेद्यातले श्रीखंड यांचा मिळून एक वास त्याच्या नाकात शिरला. तो सरळ झाला. सगळ्यांना नळीच्या समोरून बाजूला व्हायला सांगून तो हलक्या आवाजात म्हणाला, "शंतनू, हे भरलेलं आहे."

"ट्रिगरला हात लावल्याशिवाय काही होत नाही रे."

"भरलं कशाला?"

शंतनूने आईकडे पाहिले. काकू गोंधळल्या होत्या. "मीच म्हटलं त्याला," त्या म्हणाल्या. "कलश आपण रिकामा मांडत नाही, सुपलीतसुद्धा मूठभर तांदूळ टाकतो. मग हे रिकामं कसं पुजायचं? त्यात जे काय घालतात ते घाल म्हटलं. मला काय ठाऊक, बाबा."

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून देवदत्तला त्यांच्यावर रागावता येईना. त्यांनी आयुष्यभर कुठलेही भांडे रिकामे ठेवले नव्हते, आणि मुलाने मुकाट्याने ऐकावे असे त्यांचे एवढे एकच सांगणे इथे उरले असावे. काडतुसे काढ, असे त्याने शंतनूला सांगितले. शंतनू नेमबाजीच्या सरावाला तीनदाच गेला होता. हळदीने निसरड्या झालेल्या बोटांना खटका सापडेना आणि नळी खोलीभर फिरू लागली. शेवटी देवदत्तने ते त्याच्या हातून घेतले, भिंतीकडे वळवले, अंगठ्याने खटका सरकवून सहा घरांचा सिलिंडर बाहेर काढला आणि मूठ खाली करून काडतुसे ताम्हनात ओतली. खटका कुठे असतो हे त्याला पाठ होते. मूठ त्याच्या तळव्यात जणू मापाने केल्यासारखी बसली होती, आणि त्या नेमकेपणाचीच त्याला सगळ्यांत जास्त शिसारी आली.

हे एरवी कुठे असते, असे त्याने विचारले.

"बेडशेजारच्या ड्रॉवरमध्ये. लॉक असतो," रुचा म्हणाली. मग ताम्हनाकडे पाहत ती पुटपुटली, "मोस्टली."

म्हणजे शाळा सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या दुपारी. याच घरात मुली लपंडाव खेळत, आणि बेडखाली लपायला अनयाला फार आवडे. देवदत्तने तिला हाक मारली. उत्तर आले नाही. वर, तळघरात, अंगणात कुठेच दोघी नव्हत्या. पुढच्या दाराजवळ कोट ठेवायचे कपाट होते. त्याची मूठ तो फिरवू लागला तर ती आतून कोणीतरी घट्ट धरलेली होती.

"अनू, मी आहे. बाबा."

आतून काही नाही. त्याने दार वाजवले.

"नो," आतून कुजबुज आली.

तेव्हा त्याला आठवले. शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचे, याचा सराव वर्षातून अनेकदा होई. दिवे बंद, कोपऱ्यात बसायचे, लहानांना गप्प ठेवायचे, आणि बाहेरून कोणीही, अगदी ओळखीच्या आवाजात हाक मारली तरी दार उघडायचे नाही. पहिल्यांदा तिने घरी येऊन हे सांगितले तेव्हा तो शाबास म्हणाला होता. आता तो चपलांच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसला. दाराच्या फटीतून प्रीताचा कोंडलेला श्वास ऐकू येत होता.

"त्यातल्या गोळ्या काढल्या, अनू. सगळ्या."

"हाऊ मेनी?"

"सहा."

"यू सेड ही शॉट सेव्हन."

"ते सिनेमात. ती चूक होती त्यांची," तो म्हणाला; पण आपण मोठ्या हौसेने सांगितलेली ती गंमत या मुलीने कशी ऐकली असेल हे त्याला तेव्हा कळले.

"डू आय हॅव टू कम हिअर मंडे?"

त्याच्या मागे शंतनू उभा होता, रुचा होती, वाटी तशीच हातात धरून काकू होत्या. हे घर गेले तर उत्तराची पाळी जाणार, कदाचित नोकरीही. शंतनूसारखा मित्र या गावात दुसरा नव्हता. दाराला तोंड लावून हळू सांगितले असते तर चालले असते. मागच्यांना नंतर काहीतरी सांगता आले असते.

"नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "सोमवारी नाही, नंतरही नाही."

"देवा, पोरींसमोर हे कशाला, यार," शंतनू म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता. "काळजी होती तर विचारायचंस तरी."

"विचारायचं होतं. विचारलं नाही."

मूठ फिरली. प्रीता आधी बाहेर आली. तिच्या गालांवर अनयाच्या बोटांचे पांढरे वळ होते. अनयाने इतका वेळ तिचे तोंड दाबून धरले होते. रुचाने ते पाहिले आणि मुलीला उचलून ती आत गेली.

निघताना काकू श्रीखंडाचा डबा घेऊन दाराशी आल्या. रिकाम्या हातांनी जाऊ नका, म्हणाल्या. त्यांना नाही म्हणवेना म्हणून देवदत्तने डबा घेतला. गाडी सुरू करण्यापूर्वी त्याने उत्तराला फोन करून सगळे सांगितले, फ्रिजवरच्या पत्राबद्दल आपण खोटे बोललो हेही. मग सोमवारी मी सुट्टी टाकते, एवढे बोलून तिने फोन ठेवला.

घरी येऊन त्याने साबणाने तीनदा हात धुतले आणि लॅपटॉप उघडला. झाकणावर कुंकू तसेच होते. पान पुसून टाकणे त्याच्या हातात नव्हते. तिथे जुने काही नाहीसे होत नसे. म्हणून त्याने कड न कापलेले मूळ चित्र शोधून चढवले आणि पात्रांच्या यादीत शेवटी एक ओळ घातली: लाँड्रीतली मुलगी, चौथ्या गोळीने मरते. जेवणाची पाने घेईपर्यंत ती ओळ गेली होती आणि चित्राची कड पुन्हा कापलेली होती. दुसऱ्या कोणा संपादकाने शेरा लिहिला होता: या पात्राकडे शस्त्र नाही, नियम चार पाहा. नियम चार देवदत्तचाच होता, शब्दही त्याचेच.

अनया खांद्यामागे उभी राहून वाचत होती.

"दे टुक हर आउट?"

"हो."

ती वर निघून गेली. थोड्या वेळाने तिच्या खोलीचे दार लागले आणि दारामागे खुर्ची ओढून लावल्याचा आवाज आला. देवदत्त वर गेला. त्याने हाक मारली नाही, दारही वाजवले नाही. श्रीखंडाचा डबा खाली ओट्यावर न उघडता पडला होता. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिला, आपले हात गुडघ्यांपासून जरा दूर धरून.