आसरांचं दूध

मूल शाळेत घातलं की घरच्यांना पाहायची असते ती पाटी. पाटीवर अक्षरं उमटली तर मास्तर चांगला, नाहीतर पगार फुकटचा! आपण सगळेच असे आहोत, म्हणून किसनसिंगाचा तांडा नावाच्या वस्तीतल्या लोकांना हसू नये.

राळेगावच्या रस्त्यापासून आत, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरांना लागून हा बंजाऱ्यांचा तांडा होता. यांच्या आजे-पणज्यांनी बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. आता सगळे शेतीवर स्थिरावले होते. नवं महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष होत आलं होतं, तांड्यावरची कुडाची शाळा तर त्याहूनही नवी होती, आणि त्या शाळेत कळंबहून आलेले अन्सार गुरुजी पोरांना चक्क खड्डा खणायला लावत होते!

"मास्तर," तांड्याचा नाईक हिरासिंग एक दिवस शाळेसमोर येऊन म्हणाला, "माती खनाचं तं आमच्या पोट्ट्यायले आमीच शिकवतो. तुमी कायले आलेत मंग?"

"नाईक, खड्ड्यात डोकावून तं पाहा," गुरुजी हसत म्हणाले. "पोट्ट्यायलेच विचारा काय दिसते ते."

"वर काळी माती!" पोरं एका सुरात ओरडली. "मंग पिवळा मुरूम! खाली गोटा!"

"आन् पानी कुठून झिरपते?"

"मुरमातून!"

नाईक मान हलवून निघून गेला. या माणसाचं काही खरं नाही, असा त्याचा चेहरा होता. पण पोरं खुशीत होती. फुटक्या मडक्यात त्यांनी वाल पेरले होते, आणि रोज एक दाणा उकरून मूळ आधी येतं की पान, ते पाहत होती. गढूळ पाणी रेतीतून आणि कोळशातून ओतून ते नितळ कसं होतं, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं होतं. गुरुजींकडे पितळी कडीचं एक भिंग होतं. त्यातून मुंगीचा पाय पाहायला पोरांची झुंबड उडायची. गुरुजींचा नियम एकच होता. जे दिसलं ते सांगायचं, ऐकलेलं नाही.

शाळेबद्दल एकाच घरातून कधी तक्रार आली नाही. ते घर हंसाबाईचं. तिची धाकटी मुलगी मैना शाळेत जायची. काय शिकायची, हे आईनं विचारलं नव्हतं. गेल्या चैत्रापासून हंसाबाई फारसं काही विचारतच नसे.

दुपार झाली, तांडा सावलीला पडला, की ती उठायची. भाकरीचा तुकडा पदराखाली घेऊन विहिरीवर जायची. विहीर जुनी, थेट पाण्यापर्यंत पायऱ्या उतरलेल्या. वरच्या पायरीवर ती बसायची आणि ऐकत राहायची. खालून घुंगरं वाजायची. बारीक, थांबून थांबून, पोर पायऱ्यांवर खेळत असल्यासारखी. तिची थोरली, बंजारा बोलीत आईला 'याडी' म्हणणारी रूपी. गेल्या चैत्रात गेलेली.

"कोनी नाई तिथं," नवरा देवसिंग तिला सांगून सांगून थकला होता. "पानी आदळते गोट्यावर."

"मले माह्या लेकीची घुंगरं समजत नाईत का?" ती म्हणायची.

वाचकहो, रूपी कशी गेली ते सांगायला हवं, कारण सगळी कथा तिथंच आहे. या विहिरीत आसरा राहतात, पाण्यातल्या देवता, असं तांडा मानायचा. आसरांना एखादं माणूस आवडलं की त्या त्याच्या पायाला दोरा बांधतात. पायाला फोड येतो, आग होते, फोड फुटतो आणि आतून खरोखरच पांढरा दोरा डोकावतो. डॉक्टर याला नारू म्हणतात. तांडा त्याला आसरांचं बोलावणं म्हणायचा. मग भर दुपारी त्या माणसाला शेवटच्या पायरीवर पाण्यात उभं करायचं. थोड्या वेळात पायाभोवती पाणी दुधाळ व्हायचं. आसरांना दूध पोचलं! मग दोरा ओढून पाण्यात सोडायचा, की बोलावणं फिटलं.

रूपीला तिच्या आईनंच उतरवलं होतं. पायातली घुंगरं काढून आसरांसाठी पायरीवर ठेवली होती. दूध पोचलं. दोरा मात्र ओढताना मधेच तुटला. पाय सुजला, काळा पडला, आणि त्याच पंधरवड्यात पोर गेली. आसरांनी तिला ठेवून घेतलं, असं सगळे म्हणाले. घुंगरं तर दूध पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी पायरीवरून नाहीशी झाली होती.

आणि आता पुन्हा चैत्र आला होता. सकाळच्या शाळेत मैना लंगडत आली.

"काय झालं वो पायाले?" गुरुजींनी विचारलं.

"फोड आला. दोरा हाय आत." सात वर्षांची पोर. तिनं नियमाप्रमाणे दिसलं ते सांगितलं. मग खाली पाहून हळूच म्हणाली, "आज दुपारी मले विहिरीत नेनार हायेत. रूपीले नेलं होतं तसं. गुरुजी, मी बी नाई येनार का वापस?"

गुरुजी पावसाळ्यानंतर तांड्यावर आलेले. रूपीची गोष्ट त्यांच्या कानावर आली नव्हती. पोरांनी ती एकमेकांची वाक्यं तोडत सांगितली: पायऱ्या, दूध, तुटलेला दोरा. गुरुजींनी खडू खाली ठेवला. नारू त्यांनी कळंबला लहानपणी पाहिला होता, त्याची माहिती ट्रेनिंगमध्ये शिकले होते. पण आजारी पाय गावाच्या पिण्याच्या पाण्यात मुद्दाम बुडवायचा? रोगाला घरी बोलावून पाट-रांगोळी करायची! त्यांना संताप आला आणि लगेच भीतीही वाटली. रागावून बोललं तर तांडा ऐकणार नव्हता, आणि मैनाला वाचवायला फक्त एक सकाळ हातात होती.

"पोट्टेहो, भिंग घ्या. एक साफ पाटी घ्या. बाटलीत विहिरीचं पानी भरा," ते म्हणाले. "आज शाळा हंसाबाईच्या अंगनात."

अंगणात बाया जमल्या होत्या. नाईक बाजेवर बसला होता. हंसाबाईनं मैनाला नवी ओढणी घातली होती.

"मास्तर, आज नाई," नाईक करड्या आवाजात म्हणाला. "हे आमचं हाय. तुमचं इथं काम नाई."

"खरं हाये, नाईक. तुमच्या आसरायशी माझं भांडन नाई," गुरुजी म्हणाले. "एकच मागतो. विहिरीत न्याच्या आधी पोरीचा पाय या परातीत ठेवा. पाय बुडन येवढं पानी घाला. मंग तुमी म्हनसान तसं."

"परातीत कायले?"

"आग थांबन तिची. येवढं तं द्याल लेकराले?"

हंसाबाईनं नाईकाकडे पाहिलं, मग मैनाच्या लाल झालेल्या पायाकडे. तिनं परात ओढली आणि पाणी ओतलं. मैनानं पाय बुडवला. पोरं भोवती उकिडवी बसली. शाळेत बसायची तशीच.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फोडापाशी पाणी पांढुरकं झालं. एक बारीक ढग उठला आणि परातभर पसरला.

"दूध!" एक पोरगी ओरडली.

बाया मागे सरकल्या. कुणी हात जोडले. मैनाची आजी जमनाबाई पुटपुटली, "इथं? अंगनात?"

"हेच विचारतो मी," गुरुजी म्हणाले. "आजी, या परातीत आसरा हायेत का? रोज यात भाकरीचं पीठ मळता तुमी. मंग दूध कोनं पेलं? आन् आलं कुठून?"

"पायातून!" पोरांनी उत्तर दिलं. "दोऱ्यातून आलं! आमी पाह्यलं!"

गुरुजींनी त्या पाण्याचा एक थेंब काडीनं काळ्या पाटीवर ठेवला, पाटी उन्हात धरली आणि भिंग पहिल्यांदा नाईकाच्या हातात दिलं. हिरासिंगानं एक डोळा मिटला. मग भिंग थेंबाच्या आणखी जवळ नेलं.

"वळवळून राह्यलं," अखेर तो म्हणाला. "केसावानी. लई हायेत."

"तो दोरा कोनी बांधला नाई, नाईक. तो जिता किडा हाये, आन् हे त्याचे पिल्लं. आता ही बाटली पाहा." पोरांनी सकाळीच विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. "उन्हात धरा. पांढरे ठिपके उड्या मारतात ना? ते पान्यातले बारीक किडे. हे पिल्लं त्यायच्या पोटात जातात. ते पानी आपन पेतो. किडा आत वाढत राह्यते, वर्षभर. मंग चैत्रात पायातून भाईर येते. आग होते म्हनून मानूस पाय पान्यात घालते, आन् किडा त्याचीच वाट पाहून राह्यला असते."

बाटली अंगणात हातोहात फिरली. मैना परातीतल्या पांढऱ्या पाण्याकडे पाहत होती. शाळेत ती हळू विचार करायची, पण केला की तो पूर्ण करायची.

"वर्षभर?" ती म्हणाली. "मंग माह्या पायातला, रूपीच्या पायातून आला का?"

अरेरे! असा प्रश्न कोणत्याही आईवर येऊ नये! गुरुजींनाही तो सुचला नव्हता. सुचला असता तर त्यांनी पोरीला आधीच थांबवलं असतं. रूपीला पाण्यात उभं करणारे हात समोर होते. तेच हात आज मैनाला न्यायला निघाले होते.

हंसाबाई उभीच होती. दुपार झाली होती, आणि विहिरीकडून, नेहमीच्या वेळी, घुंगरं वाजली. तिला ऐकू आली. बाकी कुणालाच नाही. तिनं विहिरीच्या दिशेनं तोंड केलं आणि ऐकत राहिली. देवसिंग घाबरून पुढे आला.

"हंसा, चाल घरात."

"थांबा," ती म्हणाली. "वर्षभर मले वाटे, रूपी बलावून राह्यली. याडी, मैनाले घेऊन ये, मी एकटी हाय, असं." ती गुरुजींकडे वळली. "मी उलटं आयकत होती, गुरुजी! माही पोर म्हनून राह्यली, आनू नको. याडी, तिले इथं आनू नको!"

आणि वर्षभर न रडलेली ती बाई अंगणात बसून मोठ्यानं रडली. मैनाला तिनं पाण्याच्या परातीसकट मांडीशी ओढलं. बायाही रडल्या. गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"आसरा कोपल्या तं?" जमनाबाईनं भीत भीत विचारलं. ती भीती खोटी नव्हती. तिच्या आईनं आणि आजीनंही तीच सांभाळली होती.

"आजी, देवाच्या उंबऱ्यावर कोनी घान टाकते का?" गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "विहीर आसरायची हाये म्हनता ना? मंग साफ ठेवा. याच्यापेक्षा मोठी पूजा कोनती?"

नाईक बाजेवरून उठला. या पायऱ्यांवर त्यानं स्वतःच्या बापाला उभं केलं होतं. तो परातीपाशी आला आणि खाली वाकला. परात त्यानं स्वतः उचलली, विहिरीपासून लांब तापलेल्या मुरमावर नेऊन ओतली, आणि कोरडी होईपर्यंत तिथंच उभा राहिला.

"पायरीवर आता कोनी उतरनार नाई," परत येऊन तो एवढंच म्हणाला. नाईकाचा शब्द तांड्यावर कायदा होता.

मैनाचा दोरा कुणी ओढला नाही. राळेगावच्या सरकारी दवाखान्यात पाय धुऊन घेतला, आणि दोऱ्याचं टोक काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं, हिसका न देता, बाहेर काढलं. घरी ते काम हंसाबाई स्वतः करायची. शेवटचं टोक निघालं त्या दिवशी मैना खड्ड्यात उतरून पोरांना मुरूम दाखवत होती.

त्याच उन्हाळ्यात विहीर उपसली. पायऱ्या बाभळीच्या काट्यांनी बुजवल्या, वर रहाट बसवला. पोरांनी घरोघरी जाऊन सांगितलं, लुगड्याचं दुहेरी फडकं घागरीच्या तोंडाला बांधा, पाणी गाळून घ्या. आणि सांगून थांबली नाहीत. गाळलेलं आणि न गाळलेलं पाणी बाटल्यांत भरून उन्हात दाखवत हिंडली. आया-आज्यांनी मास्तरांचं ऐकलं नसतं, पण स्वतःच्या नातवाचं कोण टाळणार? मातीत लोळणाऱ्या पोरांनी तांड्याला शिकवलं! चैत्र पुन्हा आला तेव्हा आधीच्या पाण्यातून पोटात गेलेले एक-दोन दोरे निघाले. त्याच्या पुढच्या चैत्रात एकही नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, रूढी नेहमी वाईट हेतूनं चालत नाही. पुष्कळदा ती मायेनंच चालते, म्हणून तर ती मोडणं कठीण. लेकराला वाचवण्यासाठी आई त्याला पाण्यात उतरवते, आणि ते पाणीच त्याला मारतं. यावर उपाय एकच. पाहायला शिका, आणि मुलांना लहानपणीच शिकवा. मुलाच्या हातात माती द्या, बी द्या, पाण्याची बाटली द्या. त्यानं प्रश्न विचारला तर तो कितीही बोचला तरी त्याला गप्प करू नका.

विहीर उपसताना गाळात रूपीचं एक घुंगरू सापडलं. हंसाबाईनं ते रहाटाच्या दोराला बांधलं. आता पाणी शेंदताना ते वाजतं, आणि बाया म्हणतात, रूपी पाणी भरून राह्यली. दुसरं घुंगरू मात्र कधीच सापडलं नाही. भर दुपारी, रहाट थांबलेला असताना, हंसाबाईला ते अजूनही खालून ऐकू येतं. ती उठते, काट्यांचं कुंपण कुठं सरकलं तर नाही ना ते पाहते, आणि घरी येऊन मैनासाठी पाणी गाळायला बसते.