अर्धा आटा

लाल तेलाचा थेंब सगुणाच्या भुवईवर पडला आणि कानाकडे ओघळला. खांद्याला पुसावा म्हटलं, तर गाडीखाली खांदा उचलायला जागा नव्हती.

“उजवीकडं फिरव,” बाहेरून दत्तात्रेय ओरडला.

“माझी उजवी का तुमची?”

“उजवी म्हणजे उजवी! त्यात तुझी-माझी काय?”

“मी उताणी पडलीय. मला सगळं उलटं दिसतंय.”

“अगो, घड्याळाचा काटा फिरतो तसा फिरव.”

“घड्याळ पण उलटंच धरायचं ना मग?”

दत्तात्रेयानं टॉर्च हलवली. बंपरला लागून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर तो बसला होता. डावा हात मांडीवर पडलेला, उजव्या हातात टॉर्च. त्या टॉर्चचा उजेड चाकावर, तुळशीवर, सगुणाच्या डोळ्यांत, सगळीकडे पडत होता. फक्त नटावर पडत नव्हता.

“उजेड खाली आणा. खाली. हं, आता नटावर धरा, माझ्या तोंडावर नको.”

दोन तास असे गेले होते. चुलीवरचं आधण दोनदा आटलं होतं. अंगातला जुना गाऊन तेलानं चिकट झाला होता आणि केसांना येणारा वास साबणानं जाणार नाही हे तिला कळून चुकलं होतं.

तीस वर्षं दत्तात्रेयानं उरणच्या बंदरातून कंटेनरचा ट्रेलर चालवला. गेल्या दिवाळीत झटका आला आणि डावं अंग गेलं. तो दवाखान्यात असतानाच जीवननं, त्यांच्या मुलानं, ट्रेलर विकला. घरी आल्यावर ते कळलं तेव्हा दत्तात्रेय भांडला नाही. भिंतीकडे तोंड करून निजला तो निजलाच. भरवलं तर खायचा, विचारलं तर हूं म्हणायचा. पुढं कुणीतरी सांगितलं, पनवेलला एक जुनी उंच गाडी विकायची आहे, ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर पाडायचा नाही, एक पाय आणि एक हात पुरे. त्या दिवशी तो आपला आपण उठला आणि दाढीचं सामान मागितलं. मग कोण नाही म्हणणार होतं?

गाडी आली आणि आठवड्याच्या आत अंगणात लाल डाग पडायला लागले. नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानं साधी रबरी नळी घालून क्लिपा आवळल्या. ती नळी चार दिवसांत फुगून पिचपिचीत झाली. त्यानं दुसरी घातली, तीही गेली. शेवटी त्यानं हात जोडले. “काका, ऑटोमॅटिकचं काम आपलं नाय.”

तेव्हा दत्तात्रेयानं स्वतः शोध लावला. गिअरबॉक्समधलं तापलेलं तेल गार व्हायला ज्यातून रेडिएटरकडे जातं, तो लोखंडी पाइपच खाऱ्या हवेनं खाल्ला होता. कंटेनरच्या यार्डाबाहेर ट्रेलरचे होज, तारेची जाळी असलेल्या दणकट नळ्या, बनवणारं दुकान आहे. तिथं रिक्षानं जाऊन त्यानं मापाचा होज बनवून आणला, दोन्ही टोकांना नट बसवलेला. बसवायला मात्र दोन हात लागतात आणि त्याच्याकडे एकच होता. म्हणून सगुणा गाडीखाली.

“एका पान्यानं रेडिएटरची मान धर,” तो पुन्हा सांगू लागला. “दुसऱ्यानं नट फिरव. मान पिळली तर रेडिएटर गेला.”

“दहादा सांगितलंत.”

“दहादा सांगून पण कळत नाय म्हणून अकराव्यांदा.”

“या तुमी खाली. या. मी बसते स्टुलावर टॉर्च घेऊन.”

टॉर्चचा उजेड जमिनीवर उतरला. तिला लगेच वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला. त्याच रागात तिनं नट बोटानं दाबून फिरवला, आणि काय झालं कोण जाणे, तो सरळ बसला. आटे धरले गेले. एक, दोन, तीन. मग पाना.

“बसला,” ती म्हणाली.

“हाताला जड लागतोय?”

“लागतोय.”

“आता अर्धा आटा अजून. फक्त अर्धा. जास्त नाय.”

तिनं अर्धा आटा फिरवला आणि पाठ खरचटत बाहेर आली.

तेल भरून गाडी चालू केली. खाली पुठ्ठा पसरला. दत्तात्रेय वाकून पुठ्ठ्याकडे बघत राहिला. इंजिन तापलं, पंखा घोंगावला, पुठ्ठा कोरडा राहिला. त्यानं मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा बघून सगुणानं तोंड धुवायचं निमित्त करून पाठ फिरवली.

“बस,” तो म्हणाला. “बांधापर्यंत जाऊन येऊ.”

“अशी? तेलकट?”

“कोण बघायला बसलंय तुला?”

मिठागरांच्या मधून जाणारा रस्ता मोकळा होता. गाडी आवाज न करता चालली होती. दत्तात्रेय ताठ बसला होता, एका हातानं स्टिअरिंगचं चाक धरून, आणि ट्रेलर चालवताना म्हणायचा तसं पुटपुटत होता, “जाऊ दे, जाऊ दे.” इतक्या महिन्यांत तो असा दिसला नव्हता. सगुणानं मान मागं टेकवली.

पुढं डाव्या कडेनं शेजारची केसर बाजारातून येत होती, दोन्ही हातांत पिशव्या. सगुणाला बघून तिनं एक पिशवी उंचावली. गाडी हळूहळू तिच्या अंगावर निघाली होती. सगुणाला वाटलं, केसरला घ्यायला हे गाडी कडेला घेतायत. पण वेग कमी होईना.

“अवो!”

तिनं चाकाला हात घातला आणि उजवीकडं ओढलं. आरशावर पिशवी आदळली, आरसा फटकन मिटला. सुकट काचेवरून उडाली. दत्तात्रेयानं ब्रेक दाबला.

“वेड लागलं काय गो? चालत्या गाडीत चाकाला हात घालतेस?”

“केसर होती.”

“कुठं?”

तो खोटं बोलत नव्हता. त्यानं समोर पाहिलं, उजव्या आरशात पाहिलं. केसर डाव्या खिडकीशी उभी राहून ओरडत होती, “दादा, डोळे घरी ठेवून आलात काय?” त्याला आवाज कळत होता, पण तो शोधत होता उजवीकडं. ती तणतणत गाडीच्या पुढून वळसा घालून आली, तेव्हा कुठं तो दचकला.

“अगो केसर! तू कधी आलीस?”

केसरनं सगुणाकडे पाहिलं. सगुणानं हलकेच मान हलवली. केसर बोलायची थांबली आणि वाकून सुकट गोळा करू लागली. सगुणा उतरली, तिला मदत केली, मिटलेला आरसा हातानं उघडला.

घरी येईपर्यंत ती डाव्या कडेवर नजर लावून बसली आणि तिला एकेक आठवत गेलं. ताटात डावीकडं वाढलेली भाजी तशीच राहायची. आवडत नाही तर तोंडानं सांगा की, म्हणून तिनं कितीदा आदळआपट केली होती. दाढी करताना डावा गाल अर्धा राहायचा. आळस, म्हणाली होती ती.

अंगणात गाडी लावून दत्तात्रेय म्हणाला, “तू चाक ओढलंस म्हणून झालं. तीस वर्षांत माझ्या गाडीनं कुणाला खरचटलं नाय.” तेही खरं होतं. “उद्या एकटाच जातो यार्डावर. पोरं भेटतील.”

तिनं घरामागं जाऊन जीवनला फोन लावला आणि झालं ते सांगितलं.

“चावी काढून घे, आई,” जीवन म्हणाला. “मी रविवारी येतो आणि गाडी घेऊनच जातो.”

“आणि मग?”

“मग काय? कुणीतरी मरायचं त्यांच्या गाडीखाली.”

त्याचं बरोबर होतं. सगुणाच्या डोळ्यांसमोर पलंग आला आणि भिंतीकडे वळलेली पाठ आली.

“तू डॉक्टरची वेळ घे,” ती म्हणाली. “डोळ्यांचं, डोक्याचं, काय दाखवायचं ते दाखवू. ते सांगतील ते करू. गाडीचं तोवर मी बघते.”

“तू काय बघणार?”

“बघते म्हटलं ना.”

जेवताना तिनं ताट फिरवून ठेवलं, भाजी उजवीकडं येईल असं. त्यानं भाजी पुसून खाल्ली आणि भाताकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग तो झोपला, दमलेला, चावी उशाखाली ठेवून.

सगुणानं पुन्हा तो गाऊन चढवला. पोतं अंथरलं आणि गाडीखाली सरकली. टॉर्च दातांत धरली. यावेळी ओरडायला कुणी नव्हतं, आणि उजवं-डावं विचारायची गरजही पडली नाही. एका पान्यानं रेडिएटरची मान धरली, दुसरा नटावर चढवला आणि अर्धा आटा उलटा फिरवला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कडेला लाल रेघ उमटली, तिचा थेंब झाला, लोंबला आणि पुठ्ठ्यावर पडला. पुढचा थेंब येईपर्यंत ती तशीच पडून राहिली.

सकाळी दत्तात्रेय धुतलेला शर्ट घालून बाहेर आला. निघण्याआधी गाडीखाली बघायची त्याची तीस वर्षांची सवय होती.

“सगुणा! ए सगुणा!”

ती हात पुसत आली.

“गळतंय! बघ, पुठ्ठा भिजलाय सगळा. नट कसला होतास का नुसता फिरवला होतास?”

“कसला होता.”

“कसला असता तर गळला असता? सांगून सांगून घसा कोरडा झाला माझा! तेल किती गेलंय देव जाणे. आज काय यार्डावर जाता येत नाय.” तो चिडून बोलत होता, पण बोलता बोलताच त्यानं पायानं स्टूल ओढलं, बंपरपाशी लावलं आणि बसला. “आण ते पाने. आणि चिंधी आण. आतला वॉशर बघायला पायजे, मला वाटतं तोच दबलाय.”

“असंल. चुकलं माझं.”

“चुकलं काय चुकलं! लक्ष कुठं असतं तुझं?”

ती पोत्यावर आडवी झाली आणि आत सरकली. टॉर्चचा उजेड चाकावर पडला, मग तुळशीवर.

“पाना लागला का नटाला?”

“लागला.”

“मान धर आधी.”

“धरली.”

“हां. आता कस. कसतेस ना?”

“कसते,” सगुणा म्हणाली, आणि पाना नटावर नुसता धरून राहिली.