दुपट्ट्याखालचा हात

प्रयागबाईला त्या वकिलाचं काहीच पटलं नव्हतं. नाव मधुकरराव, पायात चकचकीत बूट आणि बोलणं असं गुळगुळीत की धरायला काही सापडू नये. वर त्याला नेमलं कोणी, तर कोर्टानं! चंद्रभानचा वकील म्हणून!

चंद्रभान तिचा दीर. एके काळी काटोलच्या मंडीत संत्र्याचा दलाल, मोठा खटपट्या माणूस. मेंदूज्वरानं वाचा गेली, भान गेलं, बायको माहेरी गेली ती गेलीच. तेव्हा कोर्टानं प्रयागबाईला त्याची पालक नेमलं, आणि तेव्हापासून सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांत ती विधवा बाई त्याला न्हाऊ घालत होती, भरवत होती. तो तिला ओळखतो तरी की नाही, हे देवालाच ठाऊक. आता चुलत दीर रुपरावाला एकाएकी भावाचा पुळका आला होता. त्यानं अर्ज ठोकला, वहिनी थकली, पालक मला करा. पुळका कसला डोंबलाचा! डोळा चंद्रभानच्या संत्र्याच्या बगीच्यावर होता. न्यायाधीश म्हणाले, तुम्हा दोघांना वकील आहेत, त्याच्या बाजूनं बोलणारंही कोणी पाहिजे.

"त्याच्या बाजूनं आजवर मी नाही, त काय भिंत बोलून राहिली होती?" घरी येऊन प्रयागबाईनं सगळा राग भांड्यांवर काढला. त्यात कोर्टाच्या आवारात तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, हा मधुकरराव आणि रुपराव एकाच टपरीवर चहा पीत होते. झालं! आणखी काय पाहिजे?

सुनावणीच्या आदल्या दिवशी वकील दारात हजर.

"बाई, तुम्ही थोडं बाहेर थांबा. मले यांच्याशी एकट्यानं बोलाचं आहे."

"काहून? तो त बोलतच नाही."

"पालक तुम्ही. तुमच्याबद्दलचं तुमच्यासमोर कसं विचारू?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर गेली खरी, पण दाराच्या फटीला डोळा लावूनच. वकील बाजेवर चंद्रभानजवळ बसला. चंद्रभानच्या खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याचा हात आपल्या हातात घेतला, वर दुपट्टा टाकला आणि हळू आवाजात काहीतरी विचारायला लागला.

प्रयागबाईनं ताडलं. अंगठा! मेला झाकून अंगठा उठवून घेतोय!

धाडकन दार लोटून ती आत घुसली आणि दुपट्टा ओढला. "दाखवा हात! शाई कुठी लपवली?"

शाई नव्हती, कागदही नव्हता. नुसते दोन हात. चंद्रभाननं आपला हात झटक्यानं मागे घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मधुकररावानं कपाळावर हात मारून घेतला. "काय केलं हे, बाई! माझा बाप काटोलचाच दलाल. तिथं सौदा तोंडानं होत नाही, दुपट्ट्याखाली होते. पटलं त हात दाबाचा, नाही पटलं त ओढून घ्याचा. यांची वाचा गेली, पण हाताची सवय गेली नाही. रुपरावाकडे राहता का म्हटलं, त हात ओढून घेतला. तो रुपराव चहा पाजून मले हेच सांगून राहिला होता, की दगड आहे तो, त्याले काय विचारता! आता तुमचं नाव घेतलं, आन् तुम्ही दुपट्टाच ओढला. उघड्या हातानं दलाल सौदा करत नाही. उद्या कोर्टात मी काय सांगू?"

प्रयागबाईला लाज वाटली, आणि लाजेहून मोठी भीती वाटली. माझ्या नावालाही त्यानं हात ओढला तर? मग इतकी वर्षं हे घास मी कोणाला भरवले?

तिनं दुपट्टा झटकला. "भाऊजी, चुकलं माझं," म्हणून चंद्रभानचा हात तिनं स्वतः वकिलाच्या हातात दिला, वरून दुपट्टा नीट पसरला, आणि कोणी न सांगता बाहेर गेली. दार ओढून घेतलं. फटीजवळ थांबली नाही, पार अंगणाच्या टोकाला नळाशी जाऊन उभी राहिली.

मधुकरराव बाहेर आला. त्यानं आपला हात पुढं केला. हातावर बोटांचे लाल वळ उठले होते.

"तुमचं नाव घेतलं," तो म्हणाला, "आन् मंग सोडेचनात. शेवटी मीच सोडवून घेतला. जा आत. अजून दुपट्ट्याखाली हात पुढं करून बसले आहेत."

प्रयागबाई पळतच आत गेली.