दोन टोकांची तार

दवाखान्याच्या नेटवर्कचा सगळा कारभार काकांकडे होता. दोन राउटर जोडणाऱ्या प्रत्येक तारेला ते चार पत्ते द्यायचे. दोन टोकांना दोन, उरलेले दोन नियमापायी वाया. आज दुपारपर्यंत एक्स-रे विभागाची नवी तार चालू करायची होती, आणि पत्ते संपले होते.

"यादीत ही एक चार पत्त्यांची चौकडी अडकून पडलीय," पुतणी म्हणाली. ती सहा महिन्यांपूर्वी काकांच्या हाताखाली लागली होती आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यावर बसली होती.

"तिला हात लावायचा नाही."

ती तार काकांच्या क्वार्टरला जायची. काकू अंथरुणाला खिळल्या तेव्हा कामावरून त्यांच्याकडे लक्ष ठेवायला काकांनी परवानगी काढून ती ओढली होती. काकू गेल्यापासून, आठ महिने, पलीकडचा राउटर बंद होता. पण यादीतली ती ओळ पुसणं काकांच्या जिवावर यायचं.

पुतणीने विषय बदलला. "काकूंना तुम्ही हाक काय मारायचात?"

"अगं."

"आणि त्या?"

"अहो. चिडली की, 'ऐकू येतंय का?'"

"तीस वर्षं बिननावाचं चाललं? चुकून शेजारीण नाही आली कधी?"

"घरात आम्ही दोघंच. दुसरं कोण ओ देणार?"

"मग राउटरांनी काय घोडं मारलंय? दोनच टोकं आहेत. राउटरांची ठरलेली हाक द्यायची, पलीकडे ऐकणारा एकटाच. पत्ता लागलाच तर राउटरचा स्वतःचा आहेच, तोच वापरायचा."

"वीस वर्षं मी पत्ते उधळले, आणि तू आत्ता सांगतेस!"

"तेव्हा मी बालवाडीत होते."

नवी तार बिनपत्त्याची चालू झाली. काकूंची चौकडी शाबूत राहिली. काका मात्र यादीकडे बघत बसले. मग त्यांनीच ती ओळ पुसली.

"अहो काका, ठेवा की! आता ती पुसायची गरज नाही."

"तार ठेवतोय. पत्ते कशाला अडवू?"

जेवायच्या सुट्टीत घरी जाऊन त्यांनी तिथला राउटर चालू केला, तारेच्या त्या टोकाचाही पत्ता काढला. लगेच फोन वाजला.

"काका, तुमच्या घरून हाक आली! आता दर दहा सेकंदांनी येणार; चाळीस सेकंद आली नाही तर राउटर तार तुटली समजतो. तुम्ही तेवढा वेळ गप्प राहिलात तर मी डबा घेऊन येऊन धडकेन. ऐकू येतंय का?"

काकांनी राउटरच्या लुकलुकत्या दिव्याकडे पाहिलं.

"अगं, येतंय," ते म्हणाले.