टेबलाखालचा हात

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर म्हणाल, हे तर कडांना पिवळे पडलेले चित्र. खरे आहे, वय झाले माझे. पण मी ब्रशाने रंगवलेले चित्र नव्हे आणि हजारोंनी छापले जाणारे पोस्टरही नव्हे. मी जाळीतून छापलेले चित्र आहे. लोक मला स्क्रीन प्रिंट म्हणतात. आम्ही एकूण पंचवीस भावंडे, त्यातले मी अकरावे. सव्विसावे कधी जन्मलेच नाही. का, ते ऐका.

माझा जन्म सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत झाला. तिथे एक चित्रकार बाई काम करत. त्या लाकडी चौकटीवर बारीक जाळीचे कापड ढोलासारखे ताणून बसवत. रंग जिथे उतरायला नको, तिथली छिद्रे बुजवत आणि मग रबरी पट्टीने जाळीवरून रंग ओढत. एका वेळी एकच रंग. पिवळा वाळला की लाल, लाल वाळला की काळा. तोवर आम्ही दोरीवर चिमट्यांनी लटकत असू, शाळेच्या गणवेशांसारखे.

माझ्यावर एक भलेमोठे टेबल आहे. त्यामागे बसलेला माणूस इतका सज्जन दिसतो, की त्याच्या हाती घरची किल्ली द्यावी. त्याने दोन्ही हातांची घडी टेबलावर ठेवली आहे. आणि टेबलाखालून त्याचा तिसरा हात निघाला आहे, लांबच लांब, थेट कागदाच्या कडेपर्यंत. तळवा उघडा.

पंचवीस छापून झाल्यावर बाईंनी आम्हा प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक घातला. मग चित्रे घ्यायला आलेल्या लोकांसमोर त्यांनी सुरी घेतली आणि जाळी टराटरा फाडली.

"आता मलाही आणखी छापता येणार नाही," त्या म्हणाल्या. "घेणाऱ्याला शब्द दिलाय मी."

अशा शब्दाला जागणाऱ्या घरात माझा जन्म झाला. म्हणूनच कदाचित मी भोळे राहिले.

मला घेतले एका इंजिनीअरने. त्यांचे काम पूल तपासण्याचे. एका कच्च्या पुलाच्या कागदांवर सही करायला त्यांनी नकार दिला होता, म्हणून त्यांना जुने नकाशे सांभाळायच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसवले होते. त्यांनी हे सारे बाईंना सांगितले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "माझं तोंड बंद केलंय त्यांनी. माझ्या भिंतीवर हे बोलेल." बाईंनी मला स्वतःच्या हातांनी कागदात ठेवून त्यांच्या स्वाधीन केले.

त्या घरात माझ्या जातीची आणखी चित्रे होती. ध्यान लावून बसलेला मुकुटधारी बगळा होता. स्वतःचेच पारडे खाली दाबणारा तराजू होता. इंजिनीअर पोटाला चिमटा घेऊन अशी चित्रे जमवत. त्यांची बायको पाहुण्यांना सांगे, "आमच्याकडे खिडक्यांना पडदे नाहीत. सगळे पडदे भिंतीवर चढलेत." पण हे बोलताना तिच्या आवाजात अभिमान असे. दर रविवारी इंजिनीअर मऊ फडक्याने माझी काच पुसत. त्यांची लहान मुलगी, तिला घरात ठकू म्हणत, एकदा त्यांच्या खांद्यावर बसून विचारत होती की हा हात कुणाचा.

"घेणाऱ्याचा," ते म्हणाले. "पण तो एवढा लांब केलाय देणाऱ्यांनी."

मित्रांनो, ते वाक्य मला इतके आवडले, की त्यानंतर त्या घरात मी ताठ मानेने राहिले.

वर्षे गेली. ठकू मोठी झाली, नोकरीला लागली. इंजिनीअरांच्या खात्यात नवे साहेब आले. मुख्य इंजिनीअरची जागा रिकामी होणार होती आणि ती कुणाला द्यायची, हे साहेबांच्या मर्जीवर होते. नकाशांच्या खोलीत बसून इंजिनीअरांचे केस पांढरे झाले होते. मागून आलेले लोक पुढे निघून गेले होते. त्यांनी साहेबांना चहाला बोलावले.

साहेब आले, कप हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि बराच वेळ पाहत राहिले. मला वाटले, आता हे शरमतील. ते फक्त एवढेच म्हणाले, "हे आता कुठे मिळत नाही, नाही का?"

पुढच्याच आठवड्यात इंजिनीअरांनी मला खिळ्यावरून उतरवले. मला वाटले, काच पुसायची असेल. पण त्यांनी मला जुन्या चादरीत गुंडाळायला घेतले. तेवढ्यात ठकू कामावरून आली. काय चालले आहे, हे तिला लगेच कळले.

"अगं, चित्रच तर देतोय," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "पाकीट नाही देत."

"मग उघडं घेऊन जा ना, बाबा. गुंडाळताय कशाला?"

त्यांनी सुतळीची गाठ तेवढी आणखी आवळली.

साहेबांनी मला कचेरीत, अगदी आपल्या खुर्चीच्या मागे लावले. खाली त्यांचे टेबल, वर माझे. समोर बसलेला माणूस आधी त्यांच्याकडे बघे, मग माझ्याकडे, आणि इथे काय करायचे ते त्याला न सांगता समजे. ज्या गोष्टीची लाज वाटावी म्हणून मला घडवले, तिचीच पाटी होऊन मी त्या भिंतीवर लटकले. इंजिनीअरांना ती जागा मिळाली. साहेबांना अशी चित्रे आवडतात, ही बातमीही पसरली. मग चादरीत, पुठ्ठ्यात, कापडात गुंडाळलेले माझे जातभाई येऊ लागले. काही महिन्यांनी बगळाही आला. तो कुणाच्या घरून आला, हे मला विचारावे लागले नाही.

एके दिवशी साहेबांनी आपल्या संग्रहाचे प्रदर्शन भरवले. दिव्यांच्या माळांखाली आम्ही ओळीने उभे. चित्रकार बाईंनाही सन्मानाने बोलावले होते. त्या काठी टेकत आल्या. एवढी सगळी विकत घेतली का, असे त्यांनी विचारले, तेव्हा साहेब हसून म्हणाले की छे, माणसे प्रेमाने देतात.

बाईंनी ओळीतल्या चित्रांवरून नजर फिरवली. मग सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "प्रदर्शनात चित्राखाली देणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे. तेवढं राहिलंय."

देणारे सगळे तिथेच होते. कुणी बुटांकडे बघू लागले, कुणाला तहान लागली. बाई माझ्याजवळ आल्या, क्रमांक वाचला आणि गर्दीतून इंजिनीअरांना नेमके शोधून काढले. त्यांचा चेहरा त्या विसरल्या नव्हत्या.

"हे अकरावं तुम्ही नेलं होतंत ना? पुलावाले तुम्हीच ना?"

मी श्वास रोखून होते. एक 'हो' पुरेसा होता. तेवढ्यावर मी त्यांना सारे माफ केले असते.

इंजिनीअरांनी माझ्याकडे पाहिले, नंतर साहेबांकडे. "नाही हो," ते म्हणाले. "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी हे चित्र आजच पाहतोय."

बाईंनी मान हलवली आणि काठी टेकत त्या निघून गेल्या.

पुढे साहेब बदलून गेले आणि आम्हाला कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवले गेले. ओल माझ्या कागदात चढते आहे. लाल रंग फिका पडला आहे, पण हात मात्र अजून स्पष्ट दिसतो.

मित्रांनो, चित्रांना ऊन लागू देऊ नका, धूळ बसू देऊ नका. आणि आणखी एक काम करा. तुमच्या घरी भिंतीवर एखादे चित्र असेल, तर ते कशासाठी आणले, हे घरातल्या मोठ्यांना अधूनमधून विचारत जा. एकदा विचारून थांबू नका. त्यांचे उत्तर बदलू लागले, तर ते पहिल्यांदा तुमच्याच लक्षात येईल.